रोज एक चित्र, खाली एक परिच्छेद

पहिल्या दिवशी इंटरनेटवरचं ते पान जेमतेम १४ वेळा उघडलं गेलं. तारीख होती १६ जून १९९५. पानावर एकच चित्र होतं, आणि तेसुद्धा दुर्बिणीतून टिपलेलं नव्हतं. संगणकावर गणित करून काढलेलं होतं. आपली पृथ्वी न्यूट्रॉन ताऱ्याइतकी (म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरणाऱ्या अतिघट्ट गाभ्याइतकी) घट्ट दाबली तर कशी दिसेल, याचं ते चित्र. गुरुत्वाकर्षण इतकं जबर की पाठीमागचा प्रकाशही वळून पुढे येतो. त्यामुळे पृथ्वीचा कुठलाच भाग नजरेआड राहत नाही आणि मागच्या आकाशातलं मृग नक्षत्र चक्क दोनदा दिसतं. चित्राखाली चार-पाच वाक्यांत एवढंच सांगितलेलं. पान संपलं.

त्या पानाचं नाव ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’, म्हणजे आजचं खगोलचित्र. लोक त्याला थोडक्यात ‘एपॉड’ म्हणतात. रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल या दोन खगोलशास्त्रज्ञांनी अमेरिकेत, नासाच्या गोडार्ड केंद्रात ते सुरू केलं. पुढे नेमिरॉफ मिशिगन टेक विद्यापीठात प्राध्यापक झाले, तरी पान दोघे मिळूनच चालवत राहिले. २०१२ पर्यंत तिथली चित्रं १०० कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली होती. २०१५ मध्ये दोघांना खगोलशास्त्र लोकांपर्यंत पोचवण्याबद्दल दिला जाणारा क्लुम्पके-रॉबर्ट्स पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने या पानाचा गौरव केला. या सगळ्या काळात पानाचं रूप मात्र जवळपास तसंच राहिलं.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या जिन्याजवळच्या फलकावर गेली काही वर्षं मी रोज या पानावरचं एक चित्र लावते आणि खाली मराठीत तीन-चार ओळी लिहिते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र झाली की चित्र बदलतं. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साधारण साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. शाळा तोवर भरलेली असते, म्हणून आमच्या फलकावर बहुतेक वेळा कालचं चित्र असतं. रोज त्या पानावरून काही उचलत गेले तसं लक्षात येत गेलं, की इतकं साधं दिसणारं हे पान फार विचार करून साधं ठेवलेलं आहे. तो विचार कुठे कुठे आहे, ते इथे उलगडून सांगते.

आधी चित्र, मग नाव

वरून खाली पाहू. सगळ्यात वर पानाचं नाव. त्याखाली दोन ओळी: रोज विश्वाचं एक वेगळं चित्र आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेलं छोटं स्पष्टीकरण. मग तारीख. मग पानाच्या मधोमध चित्र. चित्राखाली त्याचं शीर्षक, ते कुणी टिपलं त्याचं श्रेय, मग स्पष्टीकरणाचा परिच्छेद. शेवटी ‘उद्याचं चित्र’ म्हणून दोन-तीन शब्दांची चाहूल, मागच्या-पुढच्या दिवसाचे बाण आणि संपादकांची नावं. बाजूला पट्ट्या नाहीत, मध्येच उसळून वर येणाऱ्या चौकटी नाहीत. पार्श्वभूमी किंचित निळसर पांढरी. सगळं मधोमध आणण्यासाठी वापरलेली वेबभाषेतली खूण इतकी जुनी आहे की आता नव्या पानांसाठी ती वापरू नका असं शिकवतात.

यातली एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. चित्राचं नाव चित्राच्या खाली आहे.

मी सुरुवातीला फलकावर नाव वर लिहायचे, ठळक अक्षरात. एकदा ‘घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ’ लावला होता. (तेजोमेघ म्हणजे अवकाशातला वायू आणि धुळीचा ढग.) मुलं यायची, वर नाव वाचायची, घोडा शोधायची, सापडला की निघून जायची. चित्रात घोड्याशिवाय बरंच काही होतं: मागे लालसर चमकणारा हायड्रोजन वायू, पुढे प्रकाश अडवणारी काळी धूळ, डाव्या अंगाला मृगाच्या पट्ट्यातला झगझगीत तारा. ते कुणी पाहिलंच नाही. पुढच्या वेळी तसंच एक चित्र लावलं आणि नाव खाली, लहान अक्षरात लिहिलं. आता मुलं थांबू लागली. कुणी म्हणे धूर आहे, कुणी म्हणे समुद्रातलं काहीतरी. दोघांत वाद झाला की मग खाली वाकून नाव वाचायचं. नाव आधी सांगितलं की डोळे फक्त खात्री करून घेतात. नाव मागाहून आलं, तर आधी डोळ्यांना काम करावं लागतं.

दुसरी गोष्ट, एका दिवसाला एकच चित्र. हबल आणि जेम्स वेब या अवकाशातल्या आणि इतर जमिनीवरच्या दुर्बिणींनी काढलेली हजारो चित्रं आज कुणालाही फुकट पाहता येतात. हवं ते शोधून काढणं हा प्रश्नच उरलेला नाही. पण हजार चित्रं समोर आली की बोट पडद्यावर सरकत राहतं आणि पंधरा मिनिटांनी काय पाहिलं ते आठवत नाही. एपॉडवर आजचं पाहून झालं की आजचं संपलं. संपादकांनी आपल्यासाठी निवड केलेली असते, आणि निवडीला एक चाल असते. आज सूर्यावरचा डाग, उद्या कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा समूह), परवा मंगळावरचा दगड, नंतर कुठल्याशा डोंगरामागून उगवणारा चंद्र. वर्षभर पाहणाऱ्याच्या डोक्यात अभ्यासक्रम न नेमता विश्वाचा एक ढोबळ नकाशा तयार होतो.

आणि प्रत्येक चित्राचा पत्ता म्हणजे त्याची तारीख. पहिल्या चित्राच्या पत्त्यात ९५०६१६ हे आकडे आहेत: वर्ष, महिना, दिवस. त्यानंतर १७, १८ आणि १९ जून १९९५ या दिवशी चित्रच नव्हतं. २० तारखेपासून रोजचा नेम सुरू झाला. तेव्हा दिलेला पत्ता आजही उघडतो. इंटरनेटवर जुने दुवे मरणं इतकं नेहमीचं झालंय की याचं मोल पटकन कळत नाही. पाठ्यपुस्तकाच्या समासात कुणी २००३ साली लिहून ठेवलेला दुवा आज वर्गात उघडतो, ही शिक्षकासाठी फार मोठी सोय आहे. (वर्षाला दोनच आकडे दिल्यामुळे २०९५ साली नवे पत्ते जुन्यांवर येऊन आदळतील. तोवर कुणीतरी मार्ग काढेलच.)

ठरलेले भाग आणि ठरलेली जागा यांचा आणखी एक फायदा झाला. नासाने हे पान यंत्रांनाही वाचता येईल अशी सोय केली. तारीख, शीर्षक, स्पष्टीकरण, चित्राचा पत्ता, मोठ्या चित्राचा पत्ता असे कप्पे. त्यावरून कॉलेजातली मुलं पहिलंवहिलं अ‍ॅप बनवायला शिकतात, फोनचं वॉलपेपर रोज आपोआप बदलतं.

‘हे खरं असं दिसतं का?’

फलकापुढे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि या पानाचं सगळ्यात कठीण काम याच प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देणं हे आहे.

हिवाळ्यात आम्ही मुलांना गावाबाहेर आकाशदर्शनाला नेतो. मृग नक्षत्रात पट्ट्याचे तीन तारे, त्याखाली तलवारीसारखी बारीक ओळ, आणि त्या ओळीत मधोमध मृगातला मोठा तेजोमेघ. सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. फलकावर त्याचा गुलाबी-जांभळा फुलोरा पाहिलेली मुलं दुर्बिणीला डोळा लावतात आणि हिरमुसतात. राखाडी धुकं दिसतं. ‘बाई, रंग कुठे गेले?’

रंग गेले नाहीत. ते टिपायची आपल्या डोळ्याची तयारी नाही. अंधारात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि तांबड्या प्रकाशाला तर त्या जवळपास आंधळ्याच असतात. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरता प्रकाश घेतो, पाहतो आणि सोडून देतो. कॅमेऱ्याचा संवेदक मात्र अंगणात ठेवलेल्या पातेल्यासारखा असतो. पाऊस भुरभुर का असेना, पातेलं रात्रभर ठेवलं तर सकाळी पाणी दिसतंच. तासन्‌तास प्रकाश गोळा केला की हायड्रोजनचा तो तांबूस प्रकाश चित्रात उमटतो.

म्हणून दुर्बीण म्हणजे लहान गोष्ट मोठी करून दाखवणारं भिंग, हा समज अर्धाच बरोबर आहे. तिचं मोठं काम प्रकाश गोळा करणं. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंशांची जागा व्यापते, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र शेजारी शेजारी मांडले तर होतील तेवढी. ती लहान आहे म्हणून दिसत नाही असं नाही. फिकी आहे म्हणून तिचा मधला ठिपका तेवढा दिसतो आणि बाकीचा पसारा अंधारात विरून जातो. चंद्र आणि देवयानी एकाच मापात शेजारी दाखवणारं चित्र मी दरवर्षी एकदा लावते. त्या दिवशी फलकापुढे गर्दी असते.

दुसरी पायरी उजेडाच्या फरकाची. तेजोमेघाचा गाभा आणि त्याच्या कडा यांच्या तेजात शेकडो-हजारो पट फरक असू शकतो. जसं मोजलं तसं छापलं तर मधे पांढरा ठिपका आणि भोवती मिट्ट काळोख दिसेल. म्हणून चित्र बनवणारे फिके भाग वर उचलतात आणि तेजस्वी भाग आवरून धरतात. लग्नातला फोटोग्राफरही असंच करतो. वराच्या काळ्या कोटाची घडीही दिसली पाहिजे आणि हॉलमधल्या दिव्यांनी चेहरा पांढराही पडता कामा नये. उचलण्याचं प्रमाण मात्र चित्र बनवणाऱ्याच्या हातात असतं. एकाच तेजोमेघाची दोन चित्रं वेगळी दिसतात ती बरेचदा यामुळेच.

तिसरी पायरी रंगाची, आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

मोठ्या दुर्बिणींचे कॅमेरे मुळात रंग ओळखतच नाहीत. कुठे किती प्रकाश पडला एवढंच मोजतात. मग पुढे एकेक गाळणी (ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारी काच) लावून वेगवेगळी चित्रं घेतात आणि प्रत्येकाला रंग देऊन ती एकत्र करतात. हबल दुर्बिणीने १ एप्रिल १९९५ रोजी गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध खांब टिपले. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांचं ते काम. सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं दूर, वायू आणि धुळीचे उंच सुळके, आणि त्यांत जन्माला येणारे तारे. त्या चित्रासाठी तीन गाळण्या वापरल्या: गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या प्रकाशाच्या. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग दिला.

हायड्रोजनचा तो प्रकाश खरं तर तांबडा असतो, ६५६ नॅनोमीटरचा. गंधकाचाही तांबडाच, सुमारे ६७२ चा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. जसेच्या तसे रंग ठेवले असते तर कुठे गंधक आहे आणि कुठे हायड्रोजन, हे चित्रात कधीच वेगळं दिसलं नसतं. ते वेगळं दिसावं म्हणून एकाला हिरवं केलं. दूरदर्शनवर हवामानाचा नकाशा लागतो तेव्हा विदर्भ लाल आणि महाबळेश्वर निळं दिसतं. तापमानाला रंग नसतो हे आपल्याला ठाऊक असतं, आणि नकाशा खोटा आहे असं कुणी म्हणत नाही. सोबत रंगांची पट्टी दिलेली असते, ती वाचली की काम झालं. एपॉडवर ती पट्टी शब्दांत असते: परिच्छेदात कुठेतरी एक वाक्य, की कुठल्या मूलद्रव्याला कुठला रंग दिलाय. ते वाक्य गाळलं तर चित्र शोभेचं होतं. माझ्या मते त्या परिच्छेदातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच.

याच खांबांच्या चित्राला एका कोपऱ्यात पायऱ्यांसारखी काळी जागा आहे. मुलांना वाटतं फोटो फाटलाय. त्या कॅमेऱ्यात चार संवेदक होते आणि त्यातला एक आपल्या वाट्याचा भाग जास्त मोठा करून टिपायचा. त्याचं चित्र इतरांच्या मापात बसवायला लहान केलं की कोपरा रिकामा राहतो. तो कोपरा कापून किंवा रंगवून टाकणं सोपं होतं. ठेवला म्हणून कॅमेऱ्याची रचना चित्रातच वाचता येते.

वेब दुर्बिणीने ऑक्टोबर २०२२ मध्ये हेच खांब अवरक्त प्रकाशात दाखवले. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, मग त्याचा ‘खरा’ रंग कुठला म्हणायचा? इथे मी मुलांना पेटीचं उदाहरण देते. गाणं आपल्या गळ्याला झेपत नसेल तर आपण पट्टी बदलून गातो. सूर हलतात, पण एकमेकांतलं अंतर तेच राहतं, म्हणून गाणं ओळखू येतं. वेबच्या चित्रात तसंच करतात: त्यातल्या त्यात आखूड लहरींना निळा, सर्वांत लांब लहरींना लाल, मधल्यांना मधले रंग. क्रम मोडत नाहीत.

आणि १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिलेली ती नारिंगी कडी? सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराभोवतीचा तो उजेड. तो १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरींनी टिपलेला आहे. नारिंगी फक्त एवढंच सांगतो की कुठे लहरी जोरकस आहेत आणि कुठे क्षीण. आम्ही एकदा २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणी पाहायला गेलो होतो. ४५ मीटर व्यासाच्या त्या ताटल्यांकडे मान वर करून पाहत सहावीतल्या एका मुलीने विचारलं, ‘पण यात डोळा कुठून लावायचा?’ कृष्णविवराच्या रंगाचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. डोळा लावायला जागाच नाही. आकडे येतात, आकड्यांचं चित्र होतं, आणि चित्राला रंग माणूस देतो.

काही चित्रांत वेळही दडलेला असतो. वर्षभर एकाच जागेवरून, घड्याळात एकाच वेळी, काही काही दिवसांच्या अंतराने सूर्याचा फोटो काढला आणि सगळे एकावर एक ठेवले तर आकाशात इंग्रजी आठाचा आकडा उमटतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण गोल नाही, या दोन्हींचा तो एकत्र परिणाम. असं चित्र एपॉडवर अधूनमधून येतं. आपल्याकडे ते काढायचं तर जून ते सप्टेंबरचे ढग आठाचा एक मोठा तुकडा खाऊन टाकतील.

त्या परिच्छेदाची घडण

चित्र पाहून लोक थांबतात, पण ती माणसं परत येतात ती परिच्छेदामुळे, असं मला वाटतं. तो लहान असतो. दोन मिनिटांत वाचून होतो. सुरुवात बहुधा चित्रात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीने: हे काय आहे, किंवा डावीकडे ते काय चमकतंय. मग ते किती दूर, किती मोठं, कशामुळे. शेवटी बरेचदा अजून न सुटलेला प्रश्न, किंवा ही गोष्ट तुम्हाला आकाशात कुठे दिसेल ते.

आणि त्यात दुवे पेरलेले असतात, वाक्यावाक्यात. हे दुवे व्याख्यांचं काम करतात. ‘धूळ’ या शब्दाला दुवा, ‘हायड्रोजन’ला दुवा. ज्याला ठाऊक आहे तो सरळ पुढे जातो. ज्याला नाही तो आत शिरतो आणि हव्या तेवढ्या खोल उतरतो. दहावीतला मुलगा आणि संशोधन करणारी बाई एकच परिच्छेद वाचतात, दोघांनाही तो आपल्यासाठी लिहिलाय असं वाटतं. कंसात व्याख्या कोंबल्या असत्या तर तोच परिच्छेद दोघांनाही कंटाळवाणा झाला असता. चित्राचंही तसंच: पानावर मध्यम आकाराचं दिसतं, त्यावर बोट ठेवलं की मोठं उघडतं. आमच्या गावात नेट अडखळतं तेव्हाही पान उघडतं, ते यामुळेच.

श्रेयाच्या ओळीकडे मुलांचं लक्ष मी मुद्दाम वेधते. कधी तिथे नुसतं श्रेय असतं, कधी श्रेय आणि हक्क. नासाची स्वतःची चित्रं साधारणपणे कुणालाही वापरता येतात. पण बरीच चित्रं हौशी छायाचित्रकारांची असतात. त्यांनी कुठल्यातरी डोंगरावर रात्री जागवलेल्या असतात, आणि ते चित्र कुठे छापायचं तर त्यांना विचारावं लागतं. चित्र आभाळातून पडत नाही, ते कुणीतरी काढलेलं असतं, हे नावासकट रोज सांगणं मला फार आवडतं.

१ एप्रिल २००५ रोजी या पानाने ‘मंगळावर पाणी’ असं चित्र दिलं होतं: मार्स नावाच्या चॉकलेटवर ठेवलेला पाण्याचा पेला. दहा वर्षं रोज खरं सांगितलं होतं, म्हणून ती गंमत सगळ्यांना गंमत म्हणून कळली.

मराठीत आणताना

माझ्या तीन ओळींना सगळ्यात जास्त वेळ लागतो तो शब्दांसाठी. तेजोमेघ, दीर्घिका, प्रकाशवर्ष हे शब्द आपल्याकडे आहेत आणि ते सुंदर आहेत. प्रकाशवर्ष मात्र दरवर्षी नव्याने समजावावं लागतं, कारण ‘वर्ष’ ऐकून मुलांना तो काळ वाटतो. ते अंतर आहे, प्रकाश वर्षभरात कापतो तेवढं: सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. कोकणातला माणूस ‘बाजार दोन तासांवर आहे’ म्हणतो, तेव्हा तो अंतरच सांगत असतो. हे सांगितलं की पुन्हा विचारायला कुणी येत नाही.

अडलं ते इंग्रजीतल्या ‘फॉल्स कलर’पाशी. मी सुरुवातीला ‘खोटे रंग’ लिहिलं. दुपारपर्यंत शाळेत बातमी पसरली की आजचा फोटो खोटा आहे. तेव्हापासून मी ‘नेमून दिलेले रंग’ लिहिते आणि शेजारी कुठला रंग कशाला नेमलाय तेही.

पानात उणिवा आहेत. फोनच्या लहान पडद्यावर अक्षरं बारीक दिसतात, दोन बोटांनी ताणावी लागतात. त्याहून मोठी उणीव अंध वाचकांची. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चित्रापाशी आलं की त्यामागे लिहून ठेवलेलं वर्णन बोलतं. वर्षानुवर्षं तिथे एवढंच होतं की स्पष्टीकरण पाहा, आणि चित्रावर टिचकी मारली की मोठं चित्र मिळेल. साधेपणाच्या नादात एक वाचक बाहेर राहिला होता. अलीकडच्या काळात चित्रात काय दिसतंय याचं खरोखरचं वर्णन तिथे लिहिलं जातं. ते वर्णन मी डोळस मुलांनाही चित्र झाकून वाचून दाखवते आणि वहीत चित्र काढायला सांगते. मग झाकण काढायचं. वर्गातला तो तास कधीच पुरत नाही.

आमच्या शाळेतलं प्रत्येक मूल १९९५ नंतर जन्मलंय. म्हणजे प्रत्येकाच्या जन्मदिवशीचं एक चित्र या पानावर आहे. (माझ्या नाही.) ज्याचा वाढदिवस, त्या दिवशी फलकावर त्याच्या जन्मदिवसाचं चित्र. गेल्या वर्षी सातवीतल्या एकाचं आलं ते करड्या रंगाच्या, खड्ड्याखड्ड्यांच्या एका लघुग्रहाचं. ना तेजोमेघ, ना रंग. आदल्या दिवशीच्या मुलीला सर्पिल दीर्घिका मिळाली होती. तो बराच वेळ फलकापुढे उभा होता. मला वाटलं रागावलाय. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन त्याने विचारलं, ‘बाई, तो दगड आत्ता कुठे असेल?’

मूळ परिच्छेदात त्या लघुग्रहाच्या कक्षेचा दुवा होता. आम्ही तो उघडला.